मानेतला वळसा

३ मार्च, रविवार

व्याख्यान झकास झालं. हे मीच म्हणतोय, कारण दुसरं कुणी म्हणेल म्हणून ताटकळत बसण्यात अर्थ नसतो. विषय नेहमीचा: 'मानवी शरीर, एका निष्काळजी कंत्राटदाराचं काम'. विज्ञान केंद्राच्या सभागृहात मी हे व्याख्यान कित्येक वर्षं देतोय आणि त्यातला जिराफ अजून म्हातारा झालेला नाही. जिराफ प्लायवूडचा आहे, केंद्राच्या सुताराने केलेला. कान छताला टेकतात. त्याच्या मानेत एक लाल रबरी नळी बसवलीय, ती म्हणजे आवाजाची नस. मेंदूकडून निघालेली ही बाई खरं तर जवळच्याच स्वरयंत्रापर्यंत जायची. पण तडक जाईल तर शपथ! सगळी मान उतरून छातीत शिरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा सगळी मान चढून घशाशी येते. माणसातही हाच प्रकार, फक्त मान आखूड.

"सांगा," मी छडी आपटून विचारतो, "असा नळ टाकणाऱ्या प्लंबरला तुम्ही पुन्हा घरात घ्याल? आणि म्हणे निर्माता सर्वज्ञ!" लोक हसतात, टाळ्या वाजवतात. मग मी पाणी पितो.

आज मी पाणी प्यायलो तेव्हा पहिल्या रांगेत बायकोही प्यायली. माझी छडी जिराफाच्या गळ्यावर होती आणि नजर तिच्या. घोट उतरताना तिच्या गळ्यात डावीकडे काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. गोटीएवढं.

दिव्याची सावली असणार. सभागृहातले दिवे संचालकांनी निवडलेत, त्यामुळे सावल्या भलतीकडेच पडतात.

घरी येताना तिला म्हणालो, "तुझ्या गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं दिसलं."

"तुझं व्याख्यान," ती म्हणाली. "दर वेळी तिथेच अडकतं."

७ मार्च, गुरुवार

सावली नव्हती. थायरॉईडच्या डाव्या भागात गाठ आहे. सोनोग्राफी झाली, सुईने पेशी काढून तपासल्या. अहवालात 'संशयास्पद' असा शब्द आहे. तो भाग काढून टाकावा लागेल, नंतर गाठ नीट तपासतील, असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ही डायरी चालू ठेवायचं ठरवलंय. घरात एकाने तरी वस्तुनिष्ठ राहायला हवं. बायको सगळं हसण्यावारी नेते आणि तिची धाकटी बहीण सगळं रडण्यावारी. मेहुणी संध्याकाळी आली, ताईच्या गळ्यात पडली, मग तिथे गाठ आहे हे आठवून घाईघाईने खांद्यावर पडली. "वरचा बघतोय सगळं," म्हणाली.

"बघत होता तर गाठ होईपर्यंत काय करत होता?" मी विचारलं.

"भावोजी, आज तरी नको."

"आज का नको? वस्तुस्थिती वार बघून बदलते का?"

बायकोने मला चहा टाकायला पाठवलं. मी साखरेऐवजी मीठ घातलं. दोन्ही डबे सारखेच आहेत, चूक डब्यांची.

९ मार्च, शनिवार

सर्जनकडे जाऊन आलो. बुटका, शांत माणूस. बोटं बेकरीत पीठ मळणाऱ्यासारखी जाड. मानेच्या शस्त्रक्रियांमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नाही, असं सगळे सांगतात. टेबलावर प्लास्टिकचा घसा ठेवलेला होता, त्यावर त्याने पेन्सिलीने दाखवलं. "इथे गाठ. आणि तिच्या अगदी मागून आवाजाची नस जाते."

"मी ओळखतो तिला," मी म्हणालो आणि थोडक्यात पार्श्वभूमी सांगितली. मासे, उत्क्रांती, कल्ले, मान लांबत गेली तशी नस कशी ओढली गेली, वगैरे. बऱ्यापैकी थोडक्यात.

"अरे, कापायचं त्यांना आहे," बायको म्हणाली. "तू कशाला घाम गाळतोयस?"

"बोलू द्या," सर्जन म्हणाला. "मी मुलांना घेऊन आलो होतो तुमच्या व्याख्यानाला. नंतर आठवडाभर पोरं घरातल्या प्रत्येक नळाकडे संशयाने बघत होती."

मला तो माणूस आवडला.

मग त्याने सांगितलं की नस दुखावली तर आवाज बसतो, घोगरा होतो. बहुतेक वेळा परत येतो, क्वचित येत नाही.

"ओरडता येईल का?" बायकोने विचारलं.

"कुणावर?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी पोहायला शिकवते. पोरांचे कान पाण्यात असतात."

हे कमी करून सांगितलं तिने. तिचा आवाज या काठावरून त्या काठावर जातो आणि वाटेत पाण्याखाली असलेल्यालाही कळतो. शिट्टी तिने कधी गळ्यात घातली नाही. ज्याला स्वतःचा भरवसा नाही त्याने शिट्टी वाजवावी, असं तिचं मत. याच आवाजाने मला लग्नापासून पलंगावरचा ओला टॉवेल उचलायला लावलाय. शेजारच्यांना आमच्या घरात काय शिजतंय, कोण उशिरा उठलंय आणि कुणाची चूक आहे, हे भिंतीला कान न लावता कळतं. एखादा दिवस तरी शांततेत जावा असं मी कितीदा बोलून दाखवलंय.

"वचन देत नाही," सर्जन म्हणाला. "सावकाश काम करीन, एवढं सांगतो."

वचन न देणारा माणूस. म्हणजे वृत्ती वैज्ञानिक. शस्त्रक्रिया २६ तारखेला.

११ मार्च, सोमवार

घात! मेहुणीच्या ओळखीची एक नर्स त्याच रुग्णालयात आहे. तिच्याकडून बातमी घेऊन मेहुणी धावत आली. चेहरा असा फुललेला की गाठ विरघळली की काय असं वाटावं.

"भावोजी, किती सज्जन माणूस माहितेय? कापण्याआधी हात छातीशी धरून, डोळे मिटून उभा राहतो. प्रार्थना करतो. सगळे थांबतात. मगच सुरी हातात घेतो!"

मला बसावं लागलं. रुग्ण भुलीखाली, दिवे लागलेले, अख्खी टोळी हातमोजे घालून तयार, आणि हे गृहस्थ डोळे मिटून गप्पा मारतायत. कुणाशी? ज्याने ही नस छातीतून फिरवून आणली त्याच प्लंबरशी! म्हणजे तक्रार करायची सोडून त्याच्याच परवानगीने पाना चालवायचा.

आमच्या विवेकवादी मंडळात एक सर्जन आहेत. पक्के नास्तिक, हातातून कप पडला तरी 'अरे देवा' म्हणत नाहीत. त्यांना लगेच फोन केला.

"मान?" ते म्हणाले. "मी मुख्यतः गुडघे करतो. पण करू की. तत्त्व तेच."

बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "मला गुडघ्यातून बोलायचं नाहीये."

"मुद्दा तत्त्वाचा आहे."

"मुद्दा माझ्या गळ्याचा आहे. मला तो बुटका आवडलाय. तुझ्या मंडळाचं सभासदत्व बघून मी मान पुढे करणार नाही."

हे वाक्य शेजारच्यांनीही ऐकलं असणार, कारण त्यांच्याकडचा रेडिओ बंद झाला.

१४ मार्च, गुरुवार

आज एकटाच सर्जनला भेटून आलो. बायकोला सांगितलं, केंद्रात बैठक आहे.

मी सरळ मुद्द्यावर आलो. म्हटलं, "तुमच्या खाजगी श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही."

"पण?"

"पण शस्त्रक्रियेच्या खोलीत ती नको. विज्ञान आणि निर्माता एका खोलीत नांदू शकत नाहीत. निदान माझी बायको तिथे झोपलेली असताना तरी नाही. उत्क्रांती मानता ना तुम्ही?"

"मानतो म्हणजे? रोज तिच्या आत हात घालतो," तो म्हणाला. "ती नस तुम्ही प्लायवूडमध्ये बघता. मला ती दर वेळी जिवंत शोधावी लागते. पांढरी, दोऱ्याएवढी. सापडली की बरं वाटतं."

"मग वरती कुणी बसलाय हे गृहीत धरायची गरज काय? त्याच्यामुळे कुठली गोष्ट जास्त नीट समजते?"

त्याने विचार केला. घाई नाहीच या माणसाला. "समजायला नाही लागत तो मला. सोबतीला लागतो."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याआधीच तो म्हणाला, "ठीक आहे. तुम्हाला त्रास होत असेल तर नाही करत."

मी सोबत तीन उतारे आणि एक आलेख नेला होता. सगळं पिशवीतच राहिलं.

"मनातल्या मनातसुद्धा नाही?" मी विचारलं.

"नाही."

"पण ते मी तपासणार कसं?"

"ते नाही तपासता येणार. माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल."

ठेवला. मोठा विजय झाला. घरी येताना बायकोसाठी फुलं घेतली. "बैठक फारच चांगली झालेली दिसते," ती म्हणाली.

१७ मार्च, रविवार

मंडळात हकिकत सांगितली. सगळ्यांनी उभं राहून अभिनंदन केलं. गुडघेवाले सर्जन म्हणाले, शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत विवेक नेणारा तू पहिला. त्यांच्या आवाजात जरासा मत्सर होता.

दुपारचं व्याख्यान बरं झालं. प्लंबरच्या जागी लोक हसले, पण मीच पुढचं वाक्य विसरलो. छडी नळीवर टेकवली आणि ती नळी केवढी बारीक आहे ते बघत राहिलो. सुताराला एवढी बारीक नळी बसवायला कुणी सांगितली होती? मीच. संचालक नंतर म्हणाले, "आज विरामाचा परिणाम छान साधलात." मी म्हटलं, माईक गेला होता.

घरी किल्ली शोधताना बायकोच्या पिशवीत एक शिट्टी सापडली. कोरी, दोरीसकट. कुठल्यातरी शिष्येची राहिली असेल. पोरं वस्तू कुठेही टाकतात. बायको ती परत करायला विसरलेली दिसते.

१९ मार्च, मंगळवार

अंगावर शाल घेऊन लिहितोय. खोलीत गारवा आहे.

संध्याकाळी तिला आणायला तलावावर गेलो होतो. उडी मारायच्या फळीवर एक मुलगी उभी. गॉगल वर केला, खाली केला, टोपी ओढली, पुन्हा गॉगल. मागे रांग लागलेली. मी म्हटलं, "हे काय नाटक? उडी मार म्हणावं."

"गप्प बस," बायको म्हणाली. "मागे एकदा मी तिला ते बंद करायला लावलं होतं. म्हटलं, गॉगल काय एकदाच लावायचा. पोरगी पोटावर आपटली. लालेलाल झाली."

"म्हणजे अंधश्रद्धा."

"असेल. पण ती तशीच शिकलीय ना! तिचा हात, पाय, श्वास, सगळं त्यातूनच सुरू होतं. चांगली उडी मारणाऱ्याच्या आधीच्या दोन क्षणांत लुडबुड करायची नाही, एवढं कळतं मला."

मुलगी सुरीसारखी पाण्यात शिरली. टाळ्या वाजल्या. आणि मी काठावर उभ्या उभ्या गार पडलो.

त्या सर्जनची सगळी कीर्ती, सगळे वाचलेले आवाज, एकूण एक शस्त्रक्रिया, सगळं काही त्या थांबण्यानंतरचं आहे! न थांबता तो कसा कापतो याची कुणाकडेच काही माहिती नाही. आणि चालू पद्धतीतली एक पायरी मी, विज्ञानाचा माणूस, स्वतः जाऊन काढून टाकली. कुठलीही चाचणी न घेता. पहिलाच प्रयोग, तोही कुणावर?

रस्ताभर बायको बोलत होती, मी 'हं' म्हणत होतो. शेवटी ती म्हणाली, "मी म्हटलं माझं दुसऱ्या कुणावर मन बसलंय, आणि तू हं म्हणालास."

२१ मार्च, गुरुवार

पुन्हा सर्जनकडे. बायकोला सांगितलं, पुन्हा बैठक. ती म्हणाली, "फुलं आणू नकोस, फुलदाणी एकच आहे."

मी म्हणालो, "आपलं जे ठरलं होतं त्यात एक शास्त्रीय दोष राहिलाय." आणि सगळं मांडलं. सिद्ध पद्धत, बदललेला घटक, उडी मारणारी मुलगी.

तो ऐकत राहिला. चेहऱ्यावर काही नाही. फक्त मिशी जरा हलली. "म्हणजे मी प्रार्थना करावी असं म्हणताय?"

"प्रार्थना नाही! थांबावं. एरवी जेवढं थांबता तेवढंच, जसं थांबता तसंच. त्या वेळात तुम्ही काय करता हा तुमचा प्रश्न आहे."

"न करता नुसता थांबलो तर?"

"मग... मग तो पुन्हा बदल झाला ना."

"हो ना," तो म्हणाला. "मलाही तीच शंका आली. म्हणून तुम्ही गेल्यावर मी करून पाहिलं. एक दिवस आलेल्या सगळ्यांना न थांबता घेतलं. सोप्या केसेस होत्या. म्हटलं, तुमच्या पत्नीच्या वेळी पहिल्यांदा नको."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. शास्त्रीय दृष्टीमुळे. "मग? काय निघालं?"

"काही नाही. सगळं नेहमीसारखं झालं. काडीचा फरक नाही."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबलो. करमेना."

मला संतापच आला. हातात एवढा स्वच्छ निष्कर्ष, आणि हा माणूस त्याला करमेना म्हणतो! आणि तो निष्कर्ष ऐकूनही मी तिथेच, थांबा म्हणून गळ घालत बसलो होतो. एका दिवसाचा नमुना फारच लहान पडतो, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

"मी तुम्हाला शब्द दिलाय," तो म्हणाला. "तो तुमच्या सांगण्यावरून दिला आणि तुमच्याच सांगण्यावरून मागे घेतला, तर मी तुमचं ऑपरेशन करतोय असं होईल. गळा त्यांचा आहे. त्यांनाच विचारीन."

"तिला हे काही माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला. ते ज्या पद्धतीने म्हणाला ते मला आवडलं नाही.

२४ मार्च, रविवार

तिच्या आवाजाचा नमुना घ्यायचं ठरवलं. आधीचा आणि नंतरचा ताडून बघता यावा म्हणून. फोन टेबलावर ठेवला आणि म्हणालो, नेहमीच्या स्वरात काहीही बोल.

"काहीही?"

"भावना न आणता."

तिने घसा साफ केला. "ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला?" शेवटच्या शब्दाला समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. मग ती इतकी हसली की नमुना वाया गेला. मी पुसून टाकणार होतो. राहू दिला. मोजणीच्या दृष्टीने हसण्यालाही काही मूल्य असतं.

रात्रीच्या जेवणानंतर मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं? कुणी केलंय हे सगळं, की आपोआप झालंय?"

"आत्ता? भांडी घासताना?"

"सहज."

"मी तलावात उतरताना तो कुणी बांधला हे कधी विचारलेलं नाही," ती म्हणाली. "खोली किती, ते विचारते. तू आणि तो डॉक्टर बांधणाऱ्यावरून भांडा. मला परवा खोल पाण्यात उतरायचंय, माझा हात कोण धरणार एवढं सांगा."

मी म्हटलं, "मी धरीन की."

"तुला आत घेणार नाहीत."

मग ती जरा वेळ पाणी नुसतंच सोडत राहिली. "मी शिट्टी आणलीय," म्हणाली. "वाजवून पण बघितली. घाणेरडा आवाज येतो."

म्हणजे शिट्टी तिचीच होती. ती आवाज नाही आला तर काय याच्या तयारीला लागली होती आणि मी इकडे जाड मिशीवाल्याशी पद्धतिशास्त्रावर वाद घालत होतो. भांडी मी पुसली. सगळी. जी आधीच कोरडी होती तीही.

२६ मार्च, मंगळवार

सकाळी लवकर तिला आत नेलं. ढकलगाडीवरून तिने मला ओरडून सांगितलं, "गॅस बंद केलास का?" अख्ख्या मजल्याने माझ्याकडे पाहिलं. केला नव्हता. मेहुणीने शेजाऱ्यांना फोन केला.

मग बाहेरचा बाक. मला वाटलं होतं मेहुणी तिथे डोळे मिटून, ओठ हलवत बसेल आणि मला ते सहन करावं लागेल. ती तर बिस्किटं खात शब्दकोडं सोडवत होती.

"तू काही करत नाहीस?" मी विचारलं.

"काय करू?"

"तुझं ते. वरच्याशी."

"ते घरून निघतानाच करून आले, भावोजी. एकदा सोपवलं की सोपवलं. सारखं सारखं विचारलं तर त्यालाही राग येईल की! 'समुद्रातली वाट दाखवणारी इमारत', चार अक्षरं?"

भूल द्यायला लागणारा वेळ धरून मी हिशेब केला. आत आता दिवे लागले असतील, आता तो थांबायचा क्षण आला असेल. किंवा नसेल. मला आत काहीच दिसत नव्हतं.

मी उभा राहिलो. पाय आखडले होते. डोळे मिटले, त्या मार्गिकेतले दिवे फार पांढरे आहेत. तेवढ्यात तोंडातून काहीतरी निघालं. वस्तुनिष्ठतेसाठी नोंदवून ठेवतो: "हे बघ, वळसा घातलास तो घातलास. आता निदान आज ती नस त्याला सापडू दे." हे कुणाला उद्देशून होतं हा प्रश्न गैरलागू आहे. ताण असला की माणसं स्वतःशी बोलतात, यावर भरपूर संशोधन झालंय.

डोळे उघडले तर मेहुणी शब्दकोडं सोडून माझ्याकडे बघत होती.

"काय आहे?" मी म्हणालो.

"काही नाही. बिस्किट घ्या."

सर्जन बाहेर आला तेव्हा टोपी काढलेली होती, केस कपाळाला चिकटलेले. "नस सापडली. गाठीला चिकटली होती, सोडवायला वेळ लागला. शाबूत आहे. पण ओढली गेलीय थोडी, आवाज लगेच येणार नाही. वाट बघावी लागेल."

मला बरंच काही विचारायचं होतं. पण विचारलं ते एवढंच: "थांबलात का?"

"त्यांना विचारलं मी, भूल देण्याआधी. तुम्ही दोनदा आलात ते त्यांना आधीच माहीत होतं, कशासाठी ते मी सांगितलं."

"कुणी सांगितलं?"

"तुमचा चेहरा बघून कळलं म्हणाल्या, बैठकीतून कुणी एकदा फुलं घेऊन आणि एकदा इतक्या पडेल तोंडाने परत येत नाही. मग म्हणाल्या, प्रार्थना करा, पण डोळे उघडे ठेवून. म्हणजे घरी सांगता येईल की दोघांचंही ऐकलं."

"मग?"

"तशीच केली," सर्जन म्हणाला. "पहिल्यांदाच. सवय नव्हती, पण जमलं."

३१ मार्च, रविवार

गाठ पूर्ण निघाली; त्यात वाईट काही नव्हतं. कुणी म्हणेल सुटलो. पण घरात आवाज नाही. ती कुजबुजते, तेही मोजकंच. बाकी पाटीवर लिहिते.

शांतता. घड्याळ ऐकू येतं, फ्रीज ऐकू येतो, वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवसभर खुर्च्या ओढत असतं. इतकी वर्षं मला याची कल्पनाच नव्हती. शेजारीण काल दारात येऊन विचारून गेली, "सगळं ठीक आहे ना? तुमच्याकडचं काही कळेना झालंय."

आज मी ओला टॉवेल पलंगावर टाकला. मुद्दाम नव्हे. मग बराच वेळ बाजूच्या खोलीत उभा राहिलो. ती आली, तिने पाहिलं, टॉवेल उचलून वाळत घातला आणि गेली. पाटीवर लिहायचेही कष्ट घेतले नाहीत.

व्याख्यान होतं. संचालकांना कळवलं, प्रकृती बरी नाही. कुणाची ते सांगितलं नाही.

१३ एप्रिल, शनिवार

कुजबुजीत आता खरखर आलीय. जुन्या दाराच्या बिजागरीसारखी. मला तर गाण्यासारखी वाटते, पण मी तिला तसं म्हणालो तर ती हाताला येईल ते फेकून मारेल. सर्जनने बघितलं आणि म्हणाला, घाई नको.

ती तलावावर जायला लागलीय. शिट्टी वाजवते. पोरांना ते आवडत नाही. ती गॉगलवाली मुलगी म्हणे शिट्टी वाजली की मुद्दाम उलटं पोहते.

२८ एप्रिल, रविवार

लिहायला बसलोय, पण वाक्यं नीट लागत नाहीत.

आज तिला आणायला गेलो तेव्हा मी तलावाच्या लांबच्या टोकाला होतो, कपडे बदलायच्या खोल्यांपाशी. शिकाऊ पोरं उथळ भागात. त्यातलं एक, सगळ्यात लहान, दोरीखालून निसटून खोल भागाकडे चाललं होतं. हात मारत, डोकं पाण्यात, आपण कुठे चाललोय याचा पत्ताच नाही. मी बघितलं तेव्हा बायकोचा हात शिट्टीकडे गेलेला होता, पण शिट्टी तोंडापर्यंत पोचलीच नाही.

"मागे फिर!"

सगळा तलाव थांबला. पोर पाण्याखाली होतं, तरी वळलं. फरशांवरून तो आवाज माझ्यापर्यंत आला आणि छातीत कुठेतरी आदळला. थोडा फाटलेला होता, कडेला चिरा गेलेल्या, पण तोच. पोराला काठावर घेऊन तिने जे काही सुनावलं, ते मी टोकाला उभा राहून शब्दन् शब्द ऐकलं. तिने मध्येच माझ्याकडे बघितलं. "आणि तू तिथे काय करतोयस तोंड उघडं टाकून? चपला घालून आत आलास!"

मी चपला काढल्या. बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो आणि सर्जनला फोन लावला. मोठं भाषण तयार होतं डोक्यात. तोंडातून एवढंच आलं, "ओरडली. माझ्यावर."

तो हसला. पहिल्यांदाच मोठ्याने हसताना ऐकलं मी त्याला.

"आभार," मी म्हणालो. "फार फार आभार."

"पुढे पोचवतो," तो म्हणाला.

एरवी मी सोडलं नसतं. यावर माझ्याकडे तीन उतारे आणि एक आलेख आहे. पण आतून तिचा आवाज येत होता, कुणाला तरी गुडघे सरळ ठेवायला सांगत होती. म्हणून मी म्हटलं, "पोचवा. फक्त माझं नाव सांगू नका."